घरामागं वाळुंजाचं मोठं झुडूप लावायचं आहे. मराठवाड्यात जमेल का?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं घर औसा तालुक्यात, गावाच्या अगदी कडेला आहे. मागं दोनेक गुंठे मोकळी जागा, तिला उतार, आणि उताराच्या तळाशी ओढा. दिवाळीपर्यंत ओढा वाहतो, संक्रांतीपर्यंत डबकी राहतात, पुढं वरून कोरडा ठणठणीत. पण उन्हाळ्यातसुद्धा पात्रात हात-दीड हात उकरलं की ओल लागते.

२०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरानं आमच्या अंगाची दरड ढासळली. तेरणा, मांजरा, सिंदफणा या नद्यांकाठच्या जमिनी खरडून गेल्या हे सगळ्यांनी पाहिलं, पण नद्यांना मिळणाऱ्या बारक्या ओढ्यांचं काय झालं ते कुणी फारसं बोललं नाही. आमच्याकडं कडेला जी माती उरली आहे तिच्यावर बेशरम माजली आहे. ती काढून तिथं इथलंच काहीतरी लावायचं माझ्या मनात आहे.

आमच्या वरच्या अंगाला, दोन ओढे मिळतात तिथं वाळुंजाची, म्हणजे आपल्याकडच्या देशी विलोची, जुनी झाडं आहेत. पुरात ती वाकली, त्यांच्यावर कचरा अडकला, पण त्यांच्या बुडाची माती जागची हलली नाही. तेव्हापासून हेच झाड लावायचं डोक्यात बसलंय. मला ते उंच झाड म्हणून नको, बुडापासून भरगच्च, दहा-बारा फुटांचं झुडूप म्हणून हवंय. एक ओढ्याच्या कडेला, आणि जमलं तर एक न्हाणीच्या मागं आडोशाला. कुणी लावलंय का? फांदी कधी काढायची, घरापासून किती लांब लावायचं, आणि मुख्य म्हणजे एप्रिल-मे महिन्यात ते जगतं का?

शिवारफेरी

ताई, मी परभणीकडचा. दुधनेच्या काठाला आमच्या आजोळी ही झाडं मोप होती. आता वाळू उपसून उपसून काठच राहिला नाही तर झाड कुठून राहणार. तुम्ही लावायलात हे वाचून बरं वाटलं.

आधी एक करा. झाड नक्की वाळुंजच आहे ना ते बघून घ्या. पान लांबट, बोटभर ते वीतभर, टोकाकडं निमुळतं, कडेला बारीक दाते. वरून हिरवंगार चकचकीत आणि खालून पांढुरकं, राख फासल्यागत. वारं सुटलं की सगळं झाड एकदम रंग बदलतं. कोवळी पालवी तांबूस आणि रेशमी लागते हाताला. जुन्या खोडाची साल काळपट, उभ्या चिरा पडलेली. पावसाळा सरला की पानं गळतात, थंडीत तुरे येतात आणि त्यांच्याबरोबरच नवी पानं.

हे मुद्दाम सांगायलो कारण ओढ्यात शेरणी पण असते आणि तिचं पान लांबून तसंच दिसतं. शेरणी खडकाळ पात्रात, धारेच्या मधोमध उभी असते, माणसाच्या उंचीची, चिवट. ती पण गुणाचीच, पण झुडूप वेगळं.

तेरणाकाठ

शिवारफेरी दादा, पान खालून पांढुरकंच आहे आणि झाडं चांगली वीस-पंचवीस फुटांची आहेत. वाळुंजच. गावात म्हातारी माणसंही तेच नाव सांगतात.

काळी माती

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. वाळुंज हे पाण्याचं झाड आहे. आपल्याकडं वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याला फार काळ झालेला नाही. ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट बघतात त्या गावात घरामागं पाणी पिणारं झाड लावणं मला पटत नाही. झाडं लावायचीच तर निरगुडी लावा, करंज लावा, कडुनिंब लावा. एकदा धरली की पुन्हा बघायला नको.

सांडपाणी

काळी माती, तुमची काळजी रास्त आहे आणि तिच्यावर हिशोब मांडूनच बोलायला हवं. मांडतो.

ग्रामीण नळयोजनेचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे. ५ माणसांचं घर धरलं तर २७५ लिटर. त्यातलं पिण्या-स्वयंपाकाचं आणि संडासचं सोडलं तरी अंघोळ, धुणं, भांडी मिळून निम्म्याहून जास्त पाणी नाल्यात जातं. म्हणजे दीडशे लिटर रोज, बारा महिने. गावोगाव हेच पाणी रस्त्याच्या कडेला साचतं, त्यात डास होतात.

आता झुडपाची गरज. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. झुडपाचा घेर आरपार ३ मीटर धरला तर त्याखाली ७ चौरस मीटर जागा येते. मे महिन्याच्या उन्हात भरपूर ओल असलेलं पानझाड दिवसाला ७-८ मिलिमीटर पाणी उडवतं असं धरा. झाले ५०-५५ लिटर. म्हणजे ५ माणसांच्या घराचं सांडपाणी भर उन्हाळ्यात दोन झुडपांना पुरतं, वर थोडं उरतं. पण दहा झुडपांची रांग लावली तर पुरणार नाही, आणि मग माणूस बोअरचं पाणी सोडायला लागतो. तिथं तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो.

म्हणून माझं सांगणं असं की वाळुंज लावताना आधी घरातून किती पाणी बाहेर पडतं ते मोजा आणि तेवढीच झुडपं लावा. पिण्यायोग्य पाण्याचा एक तांब्याही त्याला द्यायची वेळ येऊ नये. ज्या घराला ना ओढा ना सांडपाण्याची सोय, त्यांनी तुम्ही म्हणता तशी निरगुडीच लावावी.

काळी माती

हिशोब पटला. दोन झुडपं, सांडपाण्यावर, एवढ्यावर माझी हरकत नाही. पण साबणाच्या पाण्यानं आपली जमीन चोपण होते त्याचं काय? आमच्या भागात मोरीचं पाणी जिथं मुरतं तिथं गवतही उगवत नाही, माती कडक होऊन वर पांढरा थर येतो.

सांडपाणी

होतं तसं, आणि काळ्या मातीत जास्त होतं. साबणात आणि धुण्याच्या सोड्यात सोडियम असतं, ते चिकणमातीचे कण विस्कटून टाकतं, मग पाणी मुरायचं थांबतं. यावर उपाय आहेत. सगळं पाणी एकाच जागी ओतायचं नाही. घेराच्या कडेनं उथळ चर काढायचा, त्यात विटांचे तुकडे किंवा जाड खडी, वर पालापाचोळा. आठवडाभर एका चरात, आठवडाभर दुसऱ्यात. भांड्याचं तेलकट पाणी आधी छोट्या टाकीत थांबवायचं, तवंग वर राहतो तो काढून टाकायचा. कपडे पांढरे करायचं ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड या पाण्यात अजिबात नको. आरओचं वाया जाणारं पाणीही नको. आपल्या बोअरचं पाणी मुळात जड, त्यातले क्षार त्या पाण्यात आणखी दाट झालेले असतात.

पावसाळ्यात साठलेले क्षार थोडेफार धुऊन खाली जातात. म्हणून घराच्या पत्र्याचं पावसाचं पाणी त्याच चरात सोडलं तर सोन्याहून पिवळं.

गोदाकाठची

वाचतेय. उपयोगाचा धागा. आमच्याकडं गंगाखेडलाही हे झाड आहे, पण घराजवळ लावलेलं कुठं पाहिलं नाही.

पायाभरणी

घराजवळ लावलेलं दिसत नाही त्याला कारण आहे. मी बांधकामात आहे, नांदेडला. इथं थोडं सविस्तर लिहितो कारण या विषयावर लोक चुकीच्या ऐकीव माहितीवर चालतात.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते यामुळंच. घराचा पाया या मातीवर असेल आणि पायाच्या एका बाजूची माती दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त वाळली तर त्या बाजूनं पाया खचतो, भिंतीला तिरपी चीर जाते. वाळुंजाच्या कुळातली झाडं जमिनीतली ओल फार लांबून आणि फार जोरात ओढतात. जगभर चिकणमातीच्या भागात घरांना चिरा पाडणाऱ्या झाडांच्या यादीत हे कूळ वरच्या नंबरात असतं. वाळूच्या किंवा मुरमाच्या जमिनीत हा धोका पुष्कळ कमी. म्हणजे कोकणातल्या जांभ्यावर चालेल ते आपल्याकडं चालेलच असं नाही.

दुसरी गोष्ट मुळांची. ती जाड सोटासारखी खोल जात नाहीत, बारीक तंतूंचं जाळं करतात आणि जिथं ओल तिथं जातात. सिमेंटच्या पाइपाच्या सांध्यातून केसाएवढी मुळी आत शिरते आणि आत गेल्यावर काथ्याच्या गुंडीसारखा बोळा होतो. आमच्या ओळखीच्या एका घरी संडासाची लाइन तुंबायची, कितीदा साफ केली तरी पुन्हा तेच. शेवटी उकरलं तेव्हा शेजारच्या बागेतल्या झाडाच्या मुळ्यांनी पाइप भरून गेलेला. ते झाड उंबराचं होतं, पण वाळुंजही त्याच जातीचं काम करतं.

माझं माप असं: घराच्या भिंतीपासून, सेप्टिक टाकीपासून, शोषखड्ड्यापासून, पाण्याच्या हौदापासून आणि दगडी बांधकामाच्या विहिरीपासून किमान ४० फूट. झाड छाटून दहा-बारा फुटांवर ठेवणार असाल तर ३० फुटांपर्यंत याल, पण त्याच्या आत नको. न्हाणीच्या मागं लगेच आडोसा म्हणून लावायचा विचार सोडून द्या. पाणी झाडाकडं न्या, झाड पाण्याकडं आणू नका. चार इंची पाइप अखंड तुकड्याचा घ्या, सांधे कमीत कमी, उतार धरून झुडपापर्यंत.

तेरणाकाठ

पायाभरणी, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. न्हाणीपासून ओढा साधारण ऐंशी फूट आहे. म्हणजे दोन्ही झुडपं खालच्याच अंगाला, एक काठावर आणि एक त्याच्या थोडं वर, असं करावं लागेल. आडोशाला तिथं दुसरं काहीतरी बघते.

शिवारफेरी

आडोशाला निरगुडी लावा ताई. पाणी लागत नाही, शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि बाळंतिणीच्या शेकाला पाला हाताशी. मुळ्यांचाही तरास नाही.

फोक

आता लावायच्या पद्धतीकडं येऊ. मी बीड जिल्ह्यातला, ओढ्याच्या काठी हे काम केलेलं आहे.

बी लावायच्या फंदात पडू नका. वाळुंजाचं बी अगदी बारीक, पांढऱ्या कापसात गुंडाळलेलं. ते उडून ओल्या गाळावर पडलं तर लगेच उगवतं, पण चार दिवस कोरडं राहिलं की संपलं. साठवून ठेवता येत नाही. फांदी हाच मार्ग, आणि फांदी लावायला याच्याइतकं सोपं झाड नाही, कारण मुळ्यांचे डोळे सालीखाली आधीच तयार असतात. बादलीत ठेवलेल्या फोकाला बुडाकडं आधी पांढरे फोड दिसतात, मग त्यातून लालसर मुळ्या बाहेर येतात. औषध-पावडर काही लागत नाही.

वेळ: पानं गळून गेलेली आणि नवे डोळे अजून फुटलेले नाहीत, असा काळ पकडायचा. आपल्याकडं दिवाळीनंतर ते नाताळच्या आसपास. प्रत्येक ओढ्यावर थोडं पुढं-मागं होतं म्हणून तारीख न बघता झाड बघा. हा काळ दुसऱ्या कारणानंही योग्य आहे. तेव्हा ओढ्यात पाणी असतं, आणि ते जसजसं खाली जातं तसतशी मुळी त्याच्या मागं खाली जाते. मार्चमध्ये लावलेली फांदी पालवी फोडते, आपण खूश होतो आणि मेमध्ये ती वाळते, कारण पालवी फांदीतल्या साठ्यावर आलेली असते, खाली मुळी नसते.

फांदी गेल्या वर्षीच्या वाढीची, सरळ. बागेसाठी अंगठ्याएवढी जाड, दीड हात लांब. काठासाठी मनगटाएवढी, चार-पाच फुटी. खालचं टोक तिरकं तासायचं आणि वरचं सपाट, म्हणजे घाईत कुणी उलटी लावत नाही. कापल्यावर ओल्या गोणपाटात, सावलीत. काठावर ठोकून घालायची नाही, साल सोलून निघते. पहारीनं आधी भोक पाडायचं, दोन भाग जमिनीत एक भाग वर एवढी खोल सरकवायची आणि चिखल ओतून पायानं घट्ट दाबायची. आत पोकळी राहिली तर मुळी सुटत नाही. किंचित प्रवाहाच्या दिशेला कललेली ठेवा, पुराचं पाणी तिच्यावरून जाईल, तिला उपटणार नाही.

पात्राच्या मधोमध लावू नका. पाणी अडतं आणि समोरच्याचा काठ कापतं, मग भांडणं. काठाच्या पायथ्याशी एक ओळ, तिच्या वर वाळ्याचं गवत. वाळ्याची मुळी सरळ खाली जाते, वाळुंजाची आडवी पसरते, दोघं मिळून माती धरतात. आणि ओढ्याची हद्द तुमची नसेल तर ग्रामपंचायतीत आधी शब्द टाकून ठेवा.

बेशरम उपटून काठावर टाकायची नाही हेही सांगून ठेवतो. तिचा कुठलाही तुकडा ओलीला लागला की रुजतो. उन्हात रस्त्यावर पसरून पूर्ण वाळवा आणि मग जाळा. एकदम सगळी काढली तर काठ उघडा पडेल, म्हणून पट्ट्यापट्ट्यानं काढा.

काळी माती

फोकदादांना एक विचारतो. ओढ्याकाठचं ठीक, पण वर जे झुडूप लावायचं तिथं निव्वळ काळी माती आहे. उन्हाळ्यात भेगा पडून मुळ्या तुटतात.

फोक

तुटतात, म्हणूनच आच्छादन. घेरभर वीतभर जाडीचं पाचट किंवा सोयाबीनचं भुस्कट, बुडाला मात्र चार बोटं मोकळं सोडून, नाहीतर वाळवी सालीला लागते. पहिली दोन वर्षं भेग दिसली की तिच्यात बारीक माती आणि शेणखत ढकलून बुजवायची. खड्ड्यात मुरूम भरू नका. काळ्या मातीतल्या मुरमाच्या खड्ड्यात मुळ्या तिथल्या तिथंच घुटमळतात.

आणि कुंपण. शेळ्यांना वाळुंजाचा पाला फार आवडतो. बेशरमला त्या तोंड लावत नाहीत म्हणून ती माजते, आणि वाळुंज कोवळा असतानाच खाऊन संपतो. बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण पहिली दोन वर्षं पाहिजेच. पुढं झाड मोठं झालं की तुमच्याच शेळ्यांना उन्हाळ्यात हिरवा पाला मिळेल.

जालन्याची पोर

आमच्याकडं एका नर्सरीत विलो म्हणून खाली लोंबणाऱ्या फांद्यांचं रोप मिळतं. तेच का हे? दिसायला फार सुंदर आहे.

फोक

नाही. लोंबणारा तो मजनू. मूळचा चीनकडचा, काश्मिरात तळ्याकाठी दिसतो तो. थंड हवेत छान होतो. आपल्या ४२ अंशांत त्याची पानं करपतात आणि त्याला पाणी पाजता पाजता माणूस थकतो. कित्येकदा लोंबणारा बॉटलब्रशही विलो म्हणून गळ्यात मारतात. क्रिकेटच्या बॅटींसाठी काश्मिरात लावतात तो तिसराच. आपला वाळुंज हिमालयाच्या पायथ्यापासून खाली दक्षिणेपर्यंत नदी-ओढ्यांना आपसूक उगवतो, उष्ण हवेचा आहे. विकत घेण्यापेक्षा तुमच्याच तालुक्यातल्या ओढ्यावरची फांदी आणा. तिला तुमचा उन्हाळा माहीत असतो.

मधाचं पोळं

झाडं नर आणि मादी वेगळी असतात, हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुरे आले की कळतं. नराचे तुरे पिवळे, केसरांनी भरलेले, बोटाला पराग लागतो. मादीचे हिरवे, नंतर त्यांत बारीक बोंडं धरतात आणि ती फुटून कापूस उडतो. फांदीवरून लावलेलं झाड ज्या झाडाची फांदी त्याच लिंगाचं होतं. आवारात कापूस उडायला नको असेल तर घराकडच्या बाजूला नर लावा. घरात कुणाला दम्याचा किंवा परागाचा त्रास असेल तर त्यांनी उलट करावं. ओढ्याकाठी मात्र दोन्ही लावा. तिथं ओल्या गाळावर बी आपोआप रुजलं तर काठ भरून येईल.

थंडीत जेव्हा तुरे येतात तेव्हा मधमाश्यांना दुसरं खाणं असतं, नाही असं नाही, तूर-करडई असते. पण फवारण्याही तेव्हाच चालू असतात. आवारातलं बिनफवारणीचं फुललेलं झाड त्यांना फार मोलाचं. माझ्या पेट्या ओढ्याजवळ असतात तेव्हा सकाळी नराच्या झाडाखाली उभं राहिलं की वर नुसता गुणगुणाट ऐकू येतो आणि माश्यांच्या मागच्या पायांना पिवळ्या गोळ्या दिसतात. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेलं कॉमन लेपर्ड फुलपाखरूही याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतं. अळ्यांनी पानं खाल्लेली दिसली तर औषध मारू नका, झाड आपोआप भरून काढतं.

तेरणाकाठ

नर-मादीचं मला माहीत नव्हतं, खूप आभार. म्हणजे थंडीत तुरे आलेले असताना झाडांना खूण करून ठेवायची आणि पुढच्या हंगामात फांद्या काढायच्या, असंच ना? एक वर्ष थांबावं लागेल.

मधाचं पोळं

ओढ्याकाठच्यासाठी थांबू नका, तिथं कुठलंही चालतंय, यंदाच लावा. फक्त आवारातल्या झुडपासाठी खूण करून थांबा.

लातूरकर

वाळुंजाची साल तापावर देतात असं ऐकलंय. आमचे आजोबा काढा करायचे म्हणे.

दवाखाना

लातूरकर, ऐकलंय त्यात तथ्य आहे. या कुळाच्या सालीत सॅलिसिन असतं. एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्यानं १७६३ साली विलोच्या सालीनं ताप उतरतो असं लिहून कळवलं होतं, आणि त्याच घराण्यातलं ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आलं. पण कृपा करून घरी काढा करू नका. सालीत औषधाचं प्रमाण किती ते झाडागणिक बदलतं, पोटात जखम असणाऱ्याला, रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्याला ते घातक ठरू शकतं. लहान मुलांना तर तापात असलं काही अजिबात देऊ नये. आणि पावसाळ्यानंतर आपल्याकडं येणारा ताप डेंग्यूचा असू शकतो. डेंग्यूत ॲस्पिरिनच्या जातीचं औषध गेलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. झाड काठासाठी लावा, माश्यांसाठी लावा, तापासाठी दवाखान्यात जा.

गोदाकाठची

छाटणीबद्दल कुणी लिहील का? ताईंना झुडूपच ठेवायचंय, झाड नको.

फोक

लिहितो. याला छाटणी सोसते एवढंच नाही, छाटणीनंच ते भरगच्च होतं. पहिल्या वर्षी काही करू नका, मुळी धरू द्या. दुसऱ्या थंडीत, तुरे येऊन गेल्यावर, मुख्य खोड जमिनीपासून हातभर ठेवून कापा. बुडातून आठ-दहा फोक एकदम फुटतात आणि ओल असेल तर पावसाळा संपेपर्यंत डोक्याच्या वर जातात. तिथून पुढं दर थंडीत सगळं कापू नका. तुरे गेल्या वर्षीच्या काडीवर येतात, सगळं कापलं तर पुढच्या साली फूल नाही. एक तृतीयांश, सर्वांत जुने आणि जाड फोक, बुडाशी कापायचे. तीन वर्षांत सगळं झुडूप नवं होतं, उंची दहा-बारा फुटांवर राहते, पाण्याची गरजही आटोक्यात राहते. पायाभरणींनी सांगितलेला पायाचा धोकाही यानं कमी होतो, कारण वर पानोरा जेवढा कमी तेवढी खाली ओढ कमी.

वर्ष कोरडं गेलं, ओढा लवकर आटला, तर फेब्रुवारीत निम्म्याहून जास्त कापून टाका. पानं कमी झाली की झाड उन्हाळा काढतं. हिरवं ठेवायच्या हौसेनं पाणी ओतण्यापेक्षा हे बरं. जुनं मूळ असलेलं झाड जूनच्या पहिल्या पावसाला पुन्हा फुटतं.

शिवारफेरी

कापलेले फोक टाकून देऊ नका ताई. आमच्याकडं कैकाडी समाजाची माणसं यायची, निरगुडीच्या फोकाच्या आणि तुराट्यांच्या डाल्या, कणग्या घरी बसून विणून द्यायची. कणगी विणून वरून शेणामातीनं लिपली की वर्षाची ज्वारी त्यात. वाळुंजाचे वर्षाचे फोक लांब, बिनगाठीचे आणि लवचिक असतात. कापून सालीसकट सावलीत वाळवायचे, विणायच्या आधी पाण्यात भिजत घालायचे. आमच्या गावात आता विणणारं एकच घर राहिलंय. त्यांना दिले तर चांगल्या टोपल्या करून देतात, आणि मजुरी भरपूर द्या, प्लास्टिकच्या टोपलीशी तुलना करून भाव करू नका.

तेरणाकाठ

हे वाचून मन भरलं. आमच्या गावातही एक आजी आहेत डाल्या विणणाऱ्या, त्यांनाच विचारीन फोक कसे हवेत ते. छाटणी त्यांच्या सोयीनं करता येईल.

तर माझं असं ठरतंय. ओढ्याच्या काठाला, पायथ्याशी, जाड फांद्यांची एक ओळ यंदाच, मध्ये वाळा. बेशरम पट्ट्यानं काढायची. न्हाणीचं पाणी अखंड पाइपानं खाली न्यायचं, दोन चर, आणि त्यांच्या मध्ये नराचं एकच झुडूप पुढच्या वर्षी. न्हाणीमागं निरगुडी. सांडपाणी, माझ्याकडं चार माणसं आहेत, म्हणजे एक झुडूप आणि वर थोडी राखीव असं धरलं तर बरोबर ना?

सांडपाणी

बरोबर. राखीव पाण्यावर अळू किंवा कर्दळ लावा, चराच्या तोंडाशी. ती साबणाचा पहिला मारा झेलते आणि पाणी थोडं निवळून पुढं जातं. पाइपाच्या तोंडाला जाळी बसवा, केस आणि कपड्यांचे धागे चरात गेले तर खडी बुजते. जाळी आठवड्याला काढून झटकायची.

काळी माती

ताई, फांद्या काढायच्या दिवशी कळवा. मी निलंग्याकडचा, आमच्याही ओढ्याचा काठ गेलाय. तुमच्याकडची चार फोकं मिळाली तर मीही लावीन. बदल्यात वाळ्याचे गड्डे आणतो, आमच्या बांधाला भरपूर आहे.

तेरणाकाठ

नक्की या. पानं गळायला लागली की इथंच लिहीन. येताना गोणपाट आणि पहार घेऊन या, आमच्याकडं पहार एकच आहे.